रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद? हृदयविकार, नवं संशोधन आणि आपली घरं

मंजिरी_राजेंद्रनगर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

इंदूरला राजेंद्र नगरात आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता काउंटर मी सांभाळते (बी. फार्म. आहे). बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या नेणारी बहुतेक घरं ओळखीची, त्यामुळे गोळ्या न्यायला कोण आलं नाही तेही लक्षात येतं. भेटल्यावर विचारलं की उत्तर मिळतं, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आला ना, मग कशाला घ्यायच्या?"

रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळे. गोळी थांबली की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काही आठवड्यांत परत जुन्या आकड्यावर जातं, बीपी तर त्याहून लवकर. हे काउंटरवर उभ्याउभ्या सांगून होत नाही, मागे माणसं खोळंबलेली असतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हृदयविकाराच्या संशोधनाची बातमी पेपरात येते ती जनुकात बदल करणाऱ्या उपचाराची किंवा सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची. ती कामं मोठी आहेतच. पण मी गेली काही वर्षं वाचतेय ते संशोधन दिसायला अगदी साधं आहे. जुनी, स्वस्त, पेटंट संपलेली तीन-चार औषधं एकाच गोळीत घातली तर काय होतं?

२००३ साली निकोलस वॉल्ड आणि माल्कम लॉ या ब्रिटिश संशोधकांनी 'पॉलिपिल'ची कल्पना मांडली. पंचावन्न वर्षांवरच्या सगळ्यांना ती दिली तर हृदयविकार आणि पक्षाघात ८० टक्क्यांहून जास्त कमी होतील, असा त्यांचा कागदावरचा हिशेब होता. तो फार आशावादी ठरला, पण कल्पना टिकली. २००९ मध्ये भारतातल्या ५० केंद्रांवर २,०५३ लोकांना अशी गोळी देऊन पाहिली गेली. ती गोळी अहमदाबादच्या कॅडिला या औषध कंपनीने बनवलेली होती. मग २०२० मध्ये 'टिप्स-३' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. कॅनडातले सलीम युसुफ आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेचे प्रेम पैस यांनी ती चालवली. ५,७१३ लोक, त्यातले जवळपास निम्मे भारतीय. कुणालाही आधी ॲटॅक आलेला नव्हता, पण धोका मध्यम होता. एका गोळीत कोलेस्टेरॉलचं सिंव्हास्टॅटिन आणि बीपीची अटेनोलॉल, हायड्रोक्लोरोथायझाइड, रामिप्रिल. सरासरी साडेचार वर्षांनी पाहिलं तर पॉलिपिल आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी ४.१ टक्के लोकांना हृदयविकार-पक्षाघातासारखं काही झालं, दोन्ही नकली (औषध नसलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५.८ टक्के लोकांना.

ॲटॅक येऊन गेलेल्यांसाठी २०२२ ची 'सिक्युअर' चाचणी आहे. युरोपातले २,४९९ वयस्क रुग्ण. निम्म्यांना ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन एका गोळीत, बाकीच्यांना नेहमीसारखी सुटी औषधं. पुढच्या तीनेक वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, पुन्हा ॲटॅक, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यातलं काहीतरी एका गोळीच्या गटात ९.५ टक्के, सुट्या औषधांच्या गटात १२.७ टक्के. औषधं साधारण तीच होती! एक गोळी घेणाऱ्यांनी ती जास्त नियमाने घेतली, हा मोठा फरक. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॉलिपिलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

मला तुमच्याकडून जाणून घ्यायचंय ते हे: तुमच्या घरात गोळी कुणी बंद केली आणि का? मनापासून लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही यावं.

रामबागकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५८

छान विषय काढलात. माझं वय ७४, बँकेतून निवृत्त. बीपीची गोळी नियमित. शिवाय ॲस्पिरिन ७५, कुण्या मित्राचं पाहून सुरू केली ती चालूच आहे. ॲटॅक, स्टेंट काही नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, ॲस्पिरिन बंद करा. तुम्ही म्हणता गोळ्या बंद करू नका. मी कुणाचं ऐकू?

वैद्यकी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी एमडी मेडिसिन, इंदुरातच प्रॅक्टिस. मंजिरीताई, धागा उत्तम. दोन-तीन ठिकाणी भर घालतो.

काका, तुमचा मुलगा योग्य प्रश्न विचारतोय. ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसवलाय किंवा बायपास झालीय, त्यांची ॲस्पिरिन सहसा चालूच राहते, ती स्वतःच्या मनाने थांबवणं धोक्याचं. पण ज्यांना असं काहीच झालेलं नाही, त्यांच्या बाबतीत २०१८ मध्ये चित्र बदललं. त्या वर्षी तीन मोठ्या चाचण्या आल्या. त्यातली 'ॲस्प्री' ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांवर होती, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. रोज ॲस्पिरिन घेऊन त्यांचं धडधाकट आयुष्य लांबलं नाही, आणि रक्तस्राव मात्र वाढला, पोटातला आणि मेंदूतलाही. आता निरोगी ज्येष्ठाला नव्याने ॲस्पिरिन सुरू करत नाहीत. तुम्ही तुमच्या डॉक्टरांसमोर बीपीचे आकडे, पोटाचा इतिहास ठेवून ठरवा. बीपीच्या गोळीला मात्र हात लावू नका.

टिप्स-३ मधली माणसं धोका मोजून निवडलेली होती. वय झालं म्हणून सरसकट पॉलिपिल द्या असं त्यातून निघत नाही.

माळवेकर | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. हे सगळं संशोधन औषध कंपन्यांच्या पैशावर चालतं. आईला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) दिलं, दोन महिन्यांत पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या. बंद केलं, आठवड्यात बरी. आता अर्जुनसालीचा काढा घेते. ठणठणीत आहे. नेटवर वाचा, स्टॅटिनबद्दल काय काय लिहिलेलं आहे.

मंजिरी_राजेंद्रनगर | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

@माळवेकर, तुमच्या आईंचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण यावर फार सुंदर काम झालंय, ते सांगते.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजची 'सॅमसन' ही चाचणी २०२० मध्ये आली. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक. प्रत्येकाला बाटल्या दिल्या, एकेका महिन्यासाठी एक. काहींत स्टॅटिन, काहींत नकली गोळी, काही रिकाम्या. कुठल्यात काय आहे ते गोळ्या घेणाऱ्याला माहीत नाही. रोज फोनवर त्रासाचा आकडा नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता. स्टॅटिनच्या महिन्यात वाढला, पण नकली गोळीच्या महिन्यातही जवळजवळ तितकाच वाढला. स्टॅटिनमुळे वाटणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के नकली गोळीनेही झाला. लोक खोटं बोलत नव्हते. गोळी घेतली की त्रास होणार ही धास्तीच शरीरात उतरत होती. निकाल समजल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केलं.

२०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने जुन्या चाचण्यांतली लाखाहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. पहिल्या वर्षात हजारी ११ जणांना स्टॅटिनमुळे जादा स्नायूदुखी झाली, आणि तीही बहुधा सौम्य. म्हणजे खरा त्रास होणारे आहेत, तुमच्या आई त्यात असूही शकतील. त्यांच्यासाठी डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब आहे, बेंपेडोइक ॲसिड आहे. या शेवटच्या औषधाची चाचणी २०२३ ची, स्टॅटिन न चालणाऱ्या १३,९७० लोकांवर. त्यांच्यातही ॲटॅकसारख्या घटना १३ टक्क्यांनी घटल्या.

कंपन्यांच्या पैशाची शंका रास्त आहे, मलाही असते. पण पॉलिपिलच्या बाबतीत उलटं घडलंय. यातली औषधं इतकी स्वस्त आहेत की मोठ्या कंपन्यांना त्यात रस नाही, म्हणूनच वीस वर्षं होऊनही ती आपल्या कपाटात क्वचित दिसते. अर्जुनसाल घ्या, पण तिने ॲटॅक टळतात का, हे हजारो माणसांत पाहिलेलं नाही. आईंचा एलडीएलचा आकडा एकदा काढा, एवढीच विनंती.

सुधाकाकू | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी फारसं लिहीत नाही इथे. पण मंजिरीने 'का' असं विचारलंय म्हणून लिहिते.

यांच्या गोळ्या मी आठवडाभराच्या डबीत भरते, सकाळ-संध्याकाळ हातात देते. माझ्या मात्र राहतात. एकादशीला, चतुर्थीला उपाशीपोटी कशी घ्यायची म्हणून राहते. पाहुणे आले, लग्नकार्य निघालं की राहते. आणि खरं सांगायचं तर स्ट्रिप संपली की मुलाला सांगायला संकोच वाटतो. यांच्या औषधांचाच केवढा खर्च, त्यात आपलं आणखी कुठे. आपण बऱ्या आहोत, चालता-फिरता येतंय, चार दिवस नाही घेतली तर काय होतंय. असं म्हणत महिना जातो.

वैद्यकी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

सुधाकाकू, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक डॉक्टरने वाचायला हवं. आम्ही प्रिस्क्रिप्शन लिहितो आणि पुढच्या वेळी "नियमित घेता ना?" विचारतो. बायका "हो" म्हणतात. विषय संपतो.

उपासाचं सांगतो. बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटी पाण्याबरोबर चालतात. शुगरच्या काही गोळ्या उपासाला धोक्याच्या असतात, त्या नक्की विचारून घ्या. आणि दोन बीपीच्या गोळ्या असतील तर त्या एकत्र मिळतात का विचारा. भारतात नुकतीच 'टॉपस्पिन' नावाची चाचणी झाली, १,९८१ रुग्ण, ३२ रुग्णालयं, एम्सच्या लोकांनी चालवलेली. दोन औषधांची एकच गोळी, तीन वेगवेगळ्या जोड्या. तिन्ही जोड्या सारख्याच चांगल्या ठरल्या, सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. एरवी आपल्या देशात बीपी आटोक्यात असलेली माणसं फार थोडी, हे लक्षात घेतलं तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

खर्चाचं म्हणाल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं पुष्कळ कमी किमतीत आहेत. सरकारी दवाखान्यातही मिळतात. सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण मोहिमेत सुरुवातीला जी पाच राज्यं घेतली होती, त्यात मध्य प्रदेश होतं.

बडोद्याची_अनघा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०२

माहेर इंदूर, सासर बडोदा. क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम करते (वर आलेल्या चाचण्यांत नव्हते).

आमच्या कामात रुग्ण भेटीला आला की तो उरलेल्या गोळ्या परत आणतो आणि आम्ही त्या मोजतो. "सगळ्या घेतल्या" म्हणणाऱ्याच्या पिशवीत भरलेल्या स्ट्रिप निघतात. कुणी रागावत नाही, फक्त नोंद होते. म्हणून मंजिरीताईचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. टिप्स-३ मध्येही बऱ्याच जणांनी मध्येच औषध सोडलं होतं, शिवाय गोळ्यांचा पुरवठा आणि शेवटी कोविड अशा अडचणी आल्या. तरी एवढा फरक दिसला.

२०१३ ची 'अंपायर' चाचणी भारत आणि युरोपात मिळून झाली, २,००४ लोक. पंधरा महिन्यांनी एकत्र गोळीवाल्यांतले ८६ टक्के औषध नीट घेत होते, सुट्या गोळ्यावाल्यांतले ६५ टक्के. नवं औषध शोधायला अब्जावधी लागतात आणि इथे नुसतं पाकीट बदलून एवढी माणसं औषधावर टिकली.

निखिल_विजयनगर | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

वय ३३, आयटीत आहे, जिमला जातो. आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी ट्रेडमिलवर कोसळल्याचा व्हिडिओ टाकतं आणि खाली कोविडच्या लशीमुळे असं लिहिलेलं असतं. घरचे आता जिमला जाऊ नको म्हणतात. यावर काही संशोधन आहे का?

वैद्यकी | १२ नोव्हेंबर, दुपारी २:१०

आहे, आणि भारतातलंच. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. ४७ रुग्णालयं. १८ ते ४५ वयाचे, आधी ठीक असलेले आणि अचानक दगावलेले ७२९ जण, आणि त्यांच्याच वयाचे, त्याच भागातले २,९१६ लोक तुलनेला. लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात असा अचानक मृत्यू झालेला असणाऱ्यांत, आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा नशा केलेल्यांत आणि फार जड व्यायाम केलेल्यांत.

व्यायाम सोडू नका. हळूहळू वाढवा, तापात किंवा जागरणानंतर जोर लावू नका, आणि एकदा बीपी, शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या. सिगरेट असेल तर आजच बंद, त्यावर नव्या संशोधनाची गरज नाही.

शर्वाणी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

दिवाळीच्या आधी माझ्या मोठ्या भावाला ॲटॅक आला. वय ४१. सिगरेट नाही, दारू नाही, वजन बेताचं, एलडीएल ११८. रात्री छातीत जळजळ म्हणून दोन तास ॲसिडिटीची गोळी घेऊन बसला होता. वेळेत नेलं, स्टेंट बसला, आता बरा आहे. बाबाही पन्नाशीच्या आत गेले. आम्ही सगळे विचारतोय, त्यालाच का? आणि पुढे मी?

वैद्यकी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

शर्वाणीताई, भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

दक्षिण आशियाई माणसाला पहिला ॲटॅक लवकर येतो. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' या २००४ च्या अभ्यासात आपल्याकडचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. त्यामुळे एलडीएल ११८ 'नॉर्मल' छापून आलं तरी तुमच्यासारख्या घरात ते नॉर्मल नाही.

तुमची गोष्ट वाचून माझ्या मनात पहिलं आलं ते लायपोप्रोटीन (ए), रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलसारखा एक कण. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं, वेगळं सांगावं लागतं. ते आनुवंशिक आहे, आहार-व्यायामाने फारसं हलत नाही, आणि आयुष्यभर साधारण तेवढंच राहतं, म्हणून एकदा तपासलं तरी पुरतं. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटीने (हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने) २०२४ मध्ये भारतासाठी कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे प्रत्येकाने एकदा तपासावं असं म्हटलंय, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर धोक्याचं मानलंय. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी, आणि तीही उपाशीपोटीच हवी असं नाही. ज्यांना ॲटॅक आलाय त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं.

लायपोप्रोटीन (ए) उतरवणारी औषधं येऊ घातलीत. पेलाकार्सेन नावाच्या इंजेक्शनने लायपोप्रोटीन (ए) ८० टक्क्यांपर्यंत खाली येतं. त्याने ॲटॅकही कमी होतात का, हे 'होरायझन' चाचणीत आठ हजारांहून जास्त रुग्णांवर पाहिलं जातंय. तोवर आपल्या हातात एलडीएल, बीपी, शुगर खाली ठेवणं आहे, आणि ते थोडं नाही. एलडीएल ३९ ने उतरलं की मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने घटतात, हे कित्येक चाचण्या एकत्र करून पुन्हा पुन्हा दिसलंय.

सगळ्यांसाठी: छातीत दाब किंवा जळजळ, घाम, डावा हात किंवा जबडा जड होणं, दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर ॲसिडिटी समजून बसू नका. १०८ लावा किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगा, आणि जिथे ईसीजी लगेच होईल तिथे जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

माळवेकर | १३ नोव्हेंबर, रात्री ९:००

आईचा रिपोर्ट आणला. एलडीएल १६८. पुढच्या आठवड्यात दाखवतो. मंजिरीताई, ती बाटल्यांची चाचणी तिला वाचून दाखवली, तिने नीट ऐकली.

आता वडिलांचं विचारतो. चढावर छातीत दुखतं, थांबलं की जातं. एका ठिकाणी अँजिओग्राफी करून टेबलावर असतानाच सांगितलं, ८० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाका. आम्ही घाबरून वेळ मागितला. चूक केली का?

वैद्यकी | १३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ॲटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, तिथे विचार करायला वेळ घेऊ नये. तुम्ही सांगताय ते स्थिर अंजायना (श्रमाने छातीत दुखणं, थांबलं की जाणं) वाटतंय, तिथे वेळ असतो. 'इस्केमिया' या २०२० ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही बरेच. अर्ध्यांना लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी नीट औषधं. तीनेक वर्षांत ॲटॅक आणि मृत्यू यात फरक पडला नाही. ज्यांना वरचेवर दुखत होतं, त्यांचं दुखणं मात्र स्टेंटने जास्त कमी झालं. अपवाद आहेत: डाव्या मुख्य धमनीत अडथळा, हृदयाचं पंपिंग फार कमी, किंवा बसल्या जागी दुखणं. तेव्हा अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरं मत घ्या, आणि तोवर औषधं पूर्ण चालू. दुखणं वाढलं किंवा आरामातही सुरू झालं तर त्याच क्षणी रुग्णालय.

रामबागकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

डॉक्टरांना विचारलं. ॲस्पिरिन बंद झाली. बीपीची चालू आहे. आता खाण्याचं कुणीतरी बोला. आम्ही इंदूरकर, पोह्यांवर मूठभर शेव नसेल तर पोहे घशाखाली उतरत नाहीत.

मंजिरी_राजेंद्रनगर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:००

काका, मिठावर गेल्या काही वर्षांतलं सर्वांत मोठं काम चीनमधलं आहे. ६०० गावं, २०,९९५ लोक, पाच वर्षं. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी घटले. याच वर्षी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली.

पण त्या गावांत मीठ पडतं ते घरच्या कढईत. आपलं बरंचसं मीठ शेवेत, पापडात, लोणच्यात, सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या खाण्यात विरघळून येतं. घरचा डबा बदलून तिथे पोचता येत नाही, मूठभराची चिमूटभर करावी लागते. आणि महत्त्वाचं: मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर हे मीठ विचारल्याशिवाय आणू नका, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. माझ्याकडे मागायला आलं की मी आधी बीपीची गोळी कुठली ते विचारते.

तळणीबद्दल: तेलातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि वारंवार तापवून खराब झालेलं तेल टाकून द्यावं हा नियमही आहे. काळपट, फेसाळ तेलातली कचोरी परत करायला लाजू नका.

शर्वाणी | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

दोघांचे लायपोप्रोटीन (ए)चे रिपोर्ट आले. दादाचं ११२, माझं ९६. माझं एलडीएल १३१. डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलंय आणि दादाच्या मुलांचंही वेळेवर तपासा म्हणाले. मुलगा बारावीत आहे. मंजिरीताई, ही गोळी रात्रीच घ्यावी लागते का? मला सकाळी लक्षात राहतं.

मंजिरी_राजेंद्रनगर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ॲटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन असेल तर सकाळी घे, चालतं. ती शरीरात बराच वेळ टिकतात. सिंव्हास्टॅटिन असेल तर रात्री. लग्न झालंय, मूल हवं असा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांग, गरोदरपणात ही गोळी सहसा थांबवतात. सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड पुन्हा कर. तो रिपोर्ट चांगला आला तरी स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी दुकानात जा.